मंत्री उत्तर देतात तेव्हा काय वाचायचं? दोन महायुद्धांमधल्या ब्रिटिश संसदेची प्रश्नोत्तरं

राजेहो, हे वाचायला लंडनला जावं लागत नाही. ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा शब्दशः अहवाल म्हणजे हॅन्सार्ड. तो इंटरनेटवर फुकट आहे आणि 1919 ते 1939 या काळातली प्रश्नोत्तरं साध्या मोबाइलवरही उघडतात. आमच्या समाजमंदिरातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी बसतात. त्यांच्याकडून मी ही पानं मुद्दाम वाचून घेते. मी इतिहास शिकवला आणि मग ग्रामपंचायतीत एक टर्म सदस्य होते. दोन्हीकडं एकच गोष्ट पाहिली. उत्तर देणारा खुर्चीतला माणूस सहसा खोटं बोलत नाही. तो खरंच बोलतो, पण विचारलेलं बाजूला ठेवून. तो बाजूला सरकला कुठं, तेवढं पकडता आलं की हॅन्सार्ड वाचता आलं असं समजा.

आधी वार बघा. तोंडी प्रश्न सोमवार ते गुरुवार असायचे. सभागृह दुपारी पावणेतीनला भरायचं, प्रार्थना वगैरे उरकून प्रश्न सुरू व्हायचे आणि पावणेचारला संपायचे. शुक्रवारचं पान उघडून डेटा जाळू नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर बहुतेक सुट्टीच. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत तुम्ही 'तारांकित प्रश्न' ऐकता, ती चांदणी तिकडचीच, 1902 मध्ये सुरू झालेली. चांदणी असलेल्या प्रश्नाला मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, बाकीच्यांना लेखी. 1920 पासून एका सभासदाला दिवसाला तीनच तोंडी प्रश्न विचारता यायचे. पंतप्रधानांना विचारलेले प्रश्न 45 व्या क्रमांकापासून लागायचे. दिवसाच्या पानावर तोंडी उत्तरं आधी येतात. लेखी उत्तरांचा विभाग वेगळा असतो, तोही सोडू नका. अडचणीचे आकडे तिकडंच सरकवलेले सापडतात. "उत्तरात मोठा तक्ता असल्यानं तो अहवालात छापतो," असं मंत्री म्हणाले की तक्ता शोधायचाच. मोबाइलवर रकाने विस्कटतात, म्हणून वहीत पुन्हा आखून घ्या.

दुसरं काम, कुणाला विचारलंय ते पाहायचं. इथं नवीन माणूस हमखास चुकतो. घरबांधणीसाठी वेगळा मंत्री शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण घरं आरोग्यमंत्र्यांकडं होती. गरिबांची मदत आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही त्यांच्याचकडं. बेरोजगारी कामगारमंत्र्यांकडं, पोलीस आणि कारखान्यांची तपासणी गृहमंत्र्यांकडं, कोळशाच्या खाणी व्यापार मंडळ नावाच्या सरकारी खात्याखालच्या खाण खात्याकडं. स्कॉटलंडच्या घरांचं उत्तर पुन्हा स्कॉटलंडचे मंत्री देणार. वहीच्या पहिल्या पानावर नावं आणि सालं लिहून ठेवा. आरोग्याला 1919 ते 21 ॲडिसन, 1924 मध्ये व्हीटली, त्यानंतर 1929 पर्यंत नेव्हिल चेंबरलेन, मग ग्रीनवुड. कामगार खात्याला 1929 ते 31 मार्गारेट बाँडफिल्ड, ब्रिटनच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. त्यांच्यानंतर बेटरटन, ऑलिव्हर स्टॅन्ली आणि 1935 पासून अर्नेस्ट ब्राऊन. ब्राऊनसाहेबांचा आवाज इतका मोठा होता म्हणे, की त्यांचं बोलणं बाहेर ऐकू आल्यावर ते स्कॉटलंडशी बोलतायत असं पंतप्रधान बाल्डविन यांना सांगण्यात आलं, तर त्यांनी विचारलं, मग टेलिफोन का नाही वापरत? आपल्या माणसाच्या नावानं शोध घ्यायचा असेल तर मुंबईत जन्मलेले शापूरजी सकलातवाला आहेत. ते लंडनमधल्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून 1922 आणि 1924 मध्ये निवडून आले होते.

आता प्रश्नाची बांधणी. आपल्या विधानसभेची प्रश्नोत्तरांची यादी पाहिलेली असेल तर हे सोपं जातं. "हे खरे आहे काय की", "असल्यास", "नसल्यास विलंबाची कारणे काय", आणि शेवटी ठरलेलं "प्रश्न उद्भवत नाही". तिकडंही तसंच. प्रश्नात मत मांडायला, भाषण करायला बंदी. म्हणून आरोप "मंत्र्यांना याची कल्पना आहे का की" याच्या पोटात भरायचा. वाचताना त्या "का की"च्या पुढच्या मजकुराखाली रेघ मारा. सभासदाला सांगायचं असतं ते तिथं असतं, बाकी सगळी वेष्टनं.

छापील प्रश्नाची मंत्र्याला आगाऊ सूचना मिळायची, म्हणून त्याचं उत्तर कारकुनानं लिहिलेलं आणि चारदा तपासलेलं. खरी मजा पुरवणी प्रश्नात, म्हणजे उत्तर ऐकून तिथंच विचारलेल्या पुढच्या प्रश्नात. पान बघून तो ओळखता येतो. छापील प्रश्न "अमुक यांनी तमुक मंत्र्यांना विचारले की" अशा वळणानं येतो आणि पुरवणी प्रश्न थेट बोलण्यात. फाइलमध्ये संभाव्य पुरवण्यांचीही तयारी असायची, पण सगळ्यांची कुठून असणार? मंत्री "याची वेगळी सूचना द्यावी" म्हणाले, की समजा फाइल संपली. मध्येच "उत्तर द्या!" असा सभासदांचा ओरडा छापलेला दिसतो, तिथं पेन्सिलीनं फुली मारा. आपल्याकडं प्रश्न विचारायचा हक्क 1892 च्या कायद्यानं आला. 1909 च्या सुधारणांनंतर पुरवणी विचारता येऊ लागली, पण ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. 1919 च्या सुधारणांनी ती कुणाही सभासदाला खुली केली, आणि 1921 पासून नागपुरात मध्य प्रांताच्या नव्या कायदेमंडळात आपल्या भागातलीही माणसं ती विचारू लागली. पुरवणीच्या एवढ्याशा सवलतीला 1892 ते 1909 अशी सतरा वर्षं का लागली, हे हॅन्सार्डची चार पानं वाचली की कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांना द्या. त्या काळात बेरोजगारीवर प्रश्न सारखे यायचे: अमुक गावच्या रोजगार केंद्राच्या नोंदवहीत आज किती माणसं, आणि गेल्या वर्षी याच तारखेला किती? ती "याच तारखेला" महत्त्वाची. मंत्र्याला मागच्या महिन्याशी तुलना करायला आवडायचं, कारण हंगाम बदलला की आकडा आपोआप हलतो. आपल्याकडं कापूस वेचणीत मजूर मिळत नाही आणि उन्हाळ्यात तोच मजूर पारावर बसलेला असतो. ऑक्टोबरची एप्रिलशी तुलना करून कुणी "बेकारी हटली" म्हणालं तर तुम्ही हसाल. तसंच तिकडं.

पण त्याहून मोठी मेख म्हणजे त्या नोंदीत धरलं कुणाला? 1920 च्या बेकारी विमा कायद्यात एक कोटीहून जास्त कामगार आले, पण शेतमजूर आले नाहीत. घरकाम करणाऱ्या बायाही नाहीत. शेतमजुरांसाठी विम्याचा कायदा झाला तो 1936 मध्ये. म्हणजे जानेवारी 1933 मध्ये विमाधारक बेरोजगारांचा आकडा 30 लाखांच्या जवळ गेला म्हणतात, तेव्हा काम गेलेला शेतावरचा गडी त्यात मोजलेलाच नव्हता. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, "म्याडम, मंग तं आपलं अख्खं गाव त्याईच्या हिशोबात कामावरच हाय!" तिला मी त्या दिवशी पुढं काही शिकवलं नाही. आकडा दिसला की तीन शब्द शेजारी लिहायचे: कोण, कधी, कशाशी.

गणितही करा. तिकडं 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड, हे पाठ करा. 1931 च्या आर्थिक संकटात बेकारभत्त्यात "दहा टक्के" कपात झाली. पुरुषाचा आठवड्याचा भत्ता 17 शिलिंगांवरून 15 शिलिंग 3 पेन्सवर आला. पेन्स करून बघा, 204 चे 183. गेले 21, म्हणजे दहापेक्षा थोडे जास्त. बाईचे 15 शिलिंगांचे साडेतेरा झाले, तिथं बरोबर दहा. आणि अवलंबून असलेल्या बायकोसाठी मिळणारे 9 शिलिंग 8 झाले, म्हणजे नवांतला एक गेला, अकरा टक्क्यांच्या वर. सभागृहात मात्र सगळे "दहा टक्के" म्हणत राहिले. ही कपात 1934 मध्ये मागं घेतली गेली.

1931 मध्येच कुटुंबाच्या मिळकतीची तपासणी आली. विम्याचा हक्क संपलेल्या माणसाला मदत देण्याआधी घरातल्या सगळ्यांची कमाई मोजायची. पोरगा कामाला लागला की बापाचा भत्ता कापला जाणार. मग पोरं घर सोडून भाड्यानं राहायला जाऊ लागली. आपल्याकडं रेशनकार्ड वेगळं काढायला एका चुलीवरची भावंडं तलाठ्याकडं रांग लावतात, ते ज्यानं पाहिलंय त्याला या विषयावरची प्रश्नोत्तरं जड जात नाहीत. नोव्हेंबर 1931 पासूनची पानं वाचा. सभासद एकेका घराचा हिशेब मांडतात, पोराचा पगार एवढा, भाडं एवढं, हातात उरले एवढे. आणि उत्तर येतं की हा निर्णय स्थानिक समितीचा.

ही पळवाट नीट ओळखून ठेवा. ती सगळ्यात सभ्य दिसते. "हा विषय स्थानिक संस्थेच्या अखत्यारीतला आहे." 1934 च्या कायद्यानं तर त्यासाठी एक स्वतंत्र मंडळच उभं केलं, बेकारी साहाय्य मंडळ. मदतीचे दर राजकारणापासून लांब ठेवायचे म्हणे. एकेका प्रकरणाबद्दल मंत्र्यानं उत्तर द्यायची गरजच संपली. पण जानेवारी 1935 मध्ये मंडळाचे नवे दर लागू झाले, कितीतरी घरांची मदत आधीपेक्षा कमी झाली आणि साउथ वेल्सपासून लोक रस्त्यावर उतरले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कामगारमंत्री स्टॅन्ली यांना सभागृहात येऊन कपात थांबवावी लागली. त्या आठवड्याची पानं ओळीनं वाचा. जे मंडळ स्वतंत्र होतं, त्याच्याबद्दल बोलायला शेवटी मंत्रीच उभा राहिला.

सरावासाठी एक दिवस देते: 4 नोव्हेंबर 1936, बुधवार. जॅरो गावातला जहाजाचा कारखाना बंद पडला होता. तिथले 200 पुरुष जवळजवळ 300 मैल पायी चालत लंडनला आले. त्यांच्या खासदार एलेन विल्किन्सन यांनी अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज सभागृहात दिला. व्यापार मंडळाचे अध्यक्ष रन्सिमन यांच्या उत्तराचा अर्थ असा, की जॅरोची परिस्थिती अजून समाधानकारक नाही, तरी अलीकडच्या महिन्यांत ती सुधारली आहे. मजूर पक्षाच्या चटर ईड यांनी तिथल्या तिथं सरकारच्या या निश्चिंतपणावर कोरडे ओढले. आता पेन्सिल घ्या. "सुधारली" याच्या शेजारी आपले तीन शब्द लिहा. कुणाची सुधारली, कधीपासून, कशाशी ताडून? कामं मिळाली की माणसं गाव सोडून गेली? रन्सिमन एकही शब्द खोटा बोलले नसतील. म्हणूनच तो दिवस सरावाला देते.

आणि हे ग्रामसभेत वापरायचं असेल तर आरोग्यमंत्री ॲडिसन यांच्या घरबांधणी योजनेवरचे प्रश्न उतरवून घ्या. 1919 मध्ये युद्धावरून परतलेल्यांसाठी पाच लाख घरांचं उद्दिष्ट सांगितलं गेलं, त्यातली निम्मीही झाली नाहीत आणि 1921 मध्ये योजनेला कात्री लागली. "किती घरं?" एवढंच विचारणाऱ्याला मंजुरीचा आकडा तोंडावर फेकता यायचा. मुरलेले सभासद पायऱ्या पाडून विचारायचे: मंजूर किती, काम सुरू किती, पूर्ण किती. घरकुलाचं विचारताना या तीन पायऱ्या घ्या, चौथी आपली जोडा: राहायला गेले किती. कागदावर तारीख टाका, ग्रामसेवकाकडून पोच घ्या, आणि उत्तर इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका.