जिना लाकडी की लोखंडी? चिठ्ठ्या मांडून पाहा
वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा जिना बदलायचाय आणि घरात दोन तट पडलेत? मतं मोजू नका. एकेक मुद्दा एकेका चिठ्ठीवर लिहा. जो ज्याला खोडतो, त्याच्याकडे बाण काढा. ‘वाळवी लागेल’चा बाण लाकडी जिन्याकडे, ‘सागवान जुनं, पक्कं आहे’चा बाण वाळवीकडे. ज्यावर बाण नाही तो मुद्दा स्वीकारा, त्याने खोडलेला बाद करा, बाद झालेल्याचे बाण पुसा, पुन्हा पाहा. संगणकशास्त्रज्ञ फान मिन्ह झुंग यांच्या युक्तिवादांविषयीच्या १९९५च्या मांडणीतली ही रीत संगणकालाही जमते. चिठ्ठी आजोबांची की नातीची, याने फरक पडत नाही. मला हेच फार मोलाचं वाटतं. एकमेकांनाच खोडणारे मुद्दे अधांतरी उरतात. तेवढेच सुतारकाकांना विचारा.