दम उन्हाचा की हृदयाच्या झडपेचा?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की थकवा, चक्कर आणि धाप या सगळ्यांचे खापर उन्हावर फुटते, आणि झडपेचा आजार त्याआड दडून राहतो. म्हणून घरातल्या माणसाला "दम लागतो का?" असे विचारण्याआधी त्याने अलीकडे कोणती कामे सोडली, हे पाहावे. सेमिनरी हिल्सचा चढ न थांबता चढणारे वडील आता फुटाळा तलावावरूनच परत फिरतात का? कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणारी आई ते काम मुलावर सोपवते का? हा आजार बहुधा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि माणूस नकळत हालचाल कमी करत जातो, त्यामुळे "मला काही होत नाही" हे उत्तर प्रामाणिक असले तरी पुरेसे नसते.

झडप अरुंद झाली की रक्त अडते आणि नीट मिटली नाही की मागे गळते. उतारवयात झडपेवर कॅल्शियम साचते, तर काहींच्या महाधमनीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. आपल्याकडे मात्र संधिवाताच्या तापाकडे अधिक लक्ष द्यावे. 5 ते 15 वर्षांच्या मुलाचा स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा दुखतो, तो बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजतात. सांधे पूर्ववत होतात, पण झडपेला झालेली इजा मागे राहू शकते. अशा दुखण्याला वाढीचे दुखणे समजू नये. डॉक्टरांनी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले असेल, तर मूल खेळू लागले म्हणून ते कृपया बंद करू नये.

रात्री सपाट झोपल्यावर धाप लागून उशा वाढवाव्या लागणे, छातीत अनियमित धडधड होणे, पायांवर सूज येणे ही लक्षणेही महत्त्वाची आहेत. घोट्याच्या थोडे वर नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरावा. उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर ती सूज डॉक्टरांना दाखवावी.

स्टेथोस्कोपने हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. केवळ ईसीजी नॉर्मल आला म्हणून झडप चांगली आहे असे ठरत नाही. चढताना किंवा ओझे उचलताना छातीत दुखले वा शुद्ध हरपली, तर मात्र तपासणीची तारीख ठरवत बसू नये. 108 ला फोन करून रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.