१०० मिमीचा चौकोन ४ मिमीचा कापला जात होता (वापरलेला सीएनसी राउटर): माझा अनुभव

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कापणारं मशीन; माझं सेकंड-हँड. डिझाइनमध्ये १०० मिमीचा चौकोन, मशीनवर जेमतेम ४ मिमीचा. बेल्ट ताणले, केबल बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. दोन रविवार पाण्यात.

शेवटी जी-कोडची (मशीनला हालचाली सांगणाऱ्या आज्ञांची) फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एक्स (आडवा अक्ष) या अक्षरापुढे ३.९३७! म्हणजे १०० भागिले २५.४. मशीनसोबत मिळालेला जुना पोस्ट-प्रोसेसर (डिझाइनवरून जी-कोड लिहिणारा भाग) आकडे इंचात लिहीत होता, पण वर जी२० (‘आकडे इंचात’ ही आज्ञा) टाकतच नव्हता. कंट्रोलर बिचारा ते मिमी समजायचा.

मग आधी डिझाइनचं एकक मिमी आहे हे तपासलं. टूलपाथ (कापणाऱ्या बिटचा मार्ग) सेव्ह करताना जीआरबीएलचा (माझ्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) मिमीवाला पोस्ट-प्रोसेसर निवडला. फाइल पुन्हा उघडून वर जी२१ (‘आकडे मिमीत’ ही आज्ञा) आणि एक्सपुढे १०० आहे ना, ते पाहिलं. झेड (वर-खाली जाणारा अक्ष) वर, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद ठेवून एकदा हवेत फिरवलं. मगच लाकूड लावलं.

तरी थोडा फरक उरलाच. इथे कापलेला तुकडा मोजू नका, बिटच्या जाडीने फसाल. मी स्पिंडलला पेन्सिल बांधून १०० मिमीची रेघ ओढली, ती ९९.२ भरली. कंट्रोलरच्या $१०० या सेटिंगमध्ये (एक्सवर १ मिमीसाठी मोटरच्या किती स्टेप्स) ८० होतं. ८० × १०० ÷ ९९.२ = ८०.६४५ टाकलं. वायसाठी $१०१, तेही तसंच. आता रेघ बरोबर १०० भरते.