औषधाची एक्स्पायरी कशी काढावी: ४० अंशांच्या पुढचं काम

तीन बॅचेस घ्या, बाजारात जाणार त्याच पॅकमध्ये ४० अंश सेल्सिअस, ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये ठेवा, ०, ३ आणि ६ महिन्यांना नमुने काढा. २५ अंश, ६० टक्क्यांवरचा दीर्घकालीन अभ्यासही त्याच दिवशी सुरू करा. इथपर्यंत कुणी फारसं चुकत नाही.

गाडी अडते ती पुढे. ‘४०ला ६ महिने टिकलं ना? मग २ वर्षं लिहून टाका’ हे अजून सर्रास ऐकू येतं आणि डोकं फिरतं. २५च्या मानाने ४०ला औषध चौपट वेगाने विघटित होतं, हे यात परस्पर धरलेलं आहे. मोजलं कुणी? अ‍ॅऱ्हेनियसच्या समीकरणात (तापमानागणिक विघटनाचा वेग किती बदलतो ते सांगणारं सूत्र) सक्रियण ऊर्जा, म्हणजे विघटन सुरू व्हायला लागणारी ऊर्जा, मोलमागे ५० किलोज्यूल घाला, वेग अडीचपटच वाढतो. ६ महिन्यांचे जेमतेम १६ होतात. १२० घातली तर दहापट, म्हणजे ५ वर्षं.

तेव्हा ही ऊर्जा आपल्याच गोळीची मोजा. उघड्या नमुन्यांना ५०, ६०, ७०, ८० अंश द्या, आर्द्रताही बदलून पाहा. मात्र सगळे नमुने एकाच दिवशी काढून वेगांची तुलना करू नका. घन औषधात पृष्ठभागावरचा आणि स्फटिकरूप नसलेला भाग आधी झपाट्याने जातो, मग चाल मंदावते. एक नमुना ०.५ टक्के इम्प्युरिटीवर (विघटनातून तयार झालेल्या अशुद्धीवर) आणि दुसरा ६ टक्क्यांवर असेल, तर त्या तुलनेला काही अर्थ नाही. इम्प्युरिटीची मर्यादा ०.५ टक्के असेल तर प्रत्येक तापमानाला ०.५ गाठायला किती दिवस लागले तेच शोधा. म्हणजे ८०ला रोज आणि ५०ला आठवड्यांनी नमुना. त्या दिवसांचा लॉगरिदम आणि १/केल्विनमधलं तापमान यांचा आलेख काढा; रेषेच्या उतारावरून ऊर्जा मिळते. असेच्या (assay, म्हणजे मूळ औषध किती उरलं ते मोजणाऱ्या चाचणीच्या) भरवशावर तर मुळीच राहू नका: चाचणीचाच टक्काभर चढउतार तुमचं सगळं विघटन गिळून टाकतो.

८०चा बिंदू रेषेबाहेर गेला तर सरासरीत दडपू नका. काहीतरी वितळलं असेल, हायड्रेटचं (स्फटिकात पाणी धरून ठेवणाऱ्या रूपाचं) पाणी उडालं असेल. कारण शोधा, लिहा, मगच तो वगळा. प्रथिनांच्या औषधांना हा खटाटोप करूच नका, तापवल्यावर त्यांची घडीच उलगडते.

उघड्या नमुन्याचं उत्तर पॅकला जसंच्या तसं लावू नका. आत किती आर्द्रता शिरते ते ब्लिस्टर किंवा बाटलीवर ठरतं.

तारीख लिहिताना हात आखडता घ्या. ४०ला लक्षणीय बदल नसला तरी आयसीएचच्या (औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या) नियमाने हाती असलेल्या दीर्घकालीन माहितीच्या फार तर दुप्पट, तेही १२ महिन्यांहून जास्त पुढे नाही: १२ महिन्यांवर २४, पण १८ महिन्यांवर ३०च. असेचा आकडा ५ टक्के हलला की तोही लक्षणीय बदलच, मग एवढीही सूट नाही. २५ अंशांचे नमुने एक्स्पायरीपर्यंत तपासत राहा. आकडे घसरू लागले तर तारीख कमी करा.