डेप्रॉनच्या पंखाची थरथर अशी थांबवली

नाशिकला मे महिन्यात संध्याकाळचा वारा चढला की माझ्या रिमोटच्या विमानाचा पंख वेगात थरथरायचा. पंख ६ मिमी डेप्रॉनचा, म्हणजे पॉलिस्टायरीन फोमच्या पातळ शीटचा. बाल्सा (हलकं लाकूड) ताठ असतो, पण वजन वाढतं आणि आपल्या पावसाळी दमटपणात पातळ फळ्या वाकतात. ईपीपी हा लवचिक फोम आपटून तुटत नाही. शिकणाऱ्याने तेच घ्यावं, मात्र ते फार मऊ. म्हणून डेप्रॉनच ठेवलं.

पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर खालून चर पाडून ३ मिमी कार्बन रॉड एपॉक्सीने बसवला. साधा इन्स्टंट ग्लू इथे नकोच, तो पॉलिस्टायरीन विरघळवतो! रॉड वाकणं रोखतो, पीळ नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी तिरकी फिलामेंट टेप (आत धागे असलेली चिकटपट्टी) लावली. आता भर वेगातही पंख स्थिर राहतो.