कापलेल्या व्हिडिओवरून शिकवा फॉरवर्ड तपासायला

आठवी-नववीच्या मुलांना ‘खात्री करून घ्या’ एवढंच सांगून भागत नाही, हाताशी एक खरं प्रकरण लागतं. २०१८ मध्ये एक व्हिडिओ देशभर फिरला: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तो शेवट कापला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेतून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या ५ जणांना ठार मारलं. हे मुलांना जरूर सांगा.

आधी फिरलेल्या तुकड्याचं फक्त वर्णन करा आणि विचारा: गाव कोणतं? कधीचं? पुढे काय झालं? मग कुठल्याही फिरत्या व्हिडिओतल्या एका दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणारं गूगलचं साधन) टाकायला लावा. मुलं पहिल्याच निकालावर थांबतात. त्यांना सर्वांत जुनी तारीख शोधायला लावा, खरी मेख तिथेच असते.

आणि घरी आजोबांचा फॉरवर्ड खोटा निघाला, तर ग्रुपवर सगळ्यांसमोर नको. शेजारी बसून त्यांना मोबाइलवर दाखवायचं, हेही वर्गातच ठरवून घ्या.