शनिवारी चाखा, रविवारी ठरवा: घरी वाइनची बैठक कशी भरवावी

इंदुरात आमची आठ जणांची मंडळी आहे. कोणी लोकमान्य नगरात राहतं, कोणी रामबागेत, कोणी राजेंद्र नगरात. दर थंडीत एका शनिवार-रविवारी आम्ही कुणा एकाच्या घरी जमतो, पाच बाटल्या उघडतो आणि त्यातली आपली आवडती कोणती ते ठरवतो. शनिवारी संध्याकाळी बाटल्या झाकून चाखायच्या आणि उरलेली वाइन रविवारी जेवताना पुन्हा घ्यायची. दोन्ही दिवसांचा कौल क्वचितच एक येतो. तुम्हालाही अशी बैठक भरवायची असेल, तर आम्ही ती कशी बसवली ते सांगते.

आधी हिशेब

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते. चाखण्यापुरते ५० मिलिलिटर ओतले तर आठ जणांत ४०० जातात आणि ३५० रविवारसाठी उरतात. म्हणून आठ माणसं आणि पाच बाटल्या हे गणित आम्हाला मानवलं. माणसं बारा झाली की रविवारी हाती फारसं काही राहत नाही. पाचही वाइन प्रत्येकाने पूर्ण प्यायल्या तरी २५० मिलिलिटर होतात, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा. एवढी दोन तासांत पोटात जाते, म्हणून प्रत्येकाजवळ थुंकायला एक स्टीलचा पेला ठेवा. आमच्या आत्याला पहिल्या वेळी हे किळसवाणं वाटलं होतं. आता त्या स्वतःच पेला मागून घेतात, कारण थुंकल्याशिवाय पाचव्या वाइनपर्यंत जीभ शुद्धीवर राहत नाही. गाडी चालवणाऱ्याने पेला वापरला तरी गाडी चालवायची नाही. एक तर मुक्काम करा, नाही तर टॅक्सी बोलवा.

मध्य प्रदेशात मद्यपानाचं वय २१ आहे, तेव्हा कॉलेजातल्या भाच्यांना फक्त ओतायच्या कामालाही बसवू नका. बाटल्या इथल्याच परवानाधारक दुकानातून घ्या. आपला ए. बी. रोड, म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता, धरून निघालं की थेट नाशिक गाठता येतं, त्यामुळे येताना दोन-चार बाटल्या डिकीत टाकून आणाव्यात असं वाटतं. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मद्य आणायला परवाना लागू शकतो, आणि घरात किती बाटल्या ठेवायच्या यालाही मर्यादा आहे. आबकारीचा चालू नियम आधी विचारून घ्या. पाहुणे उज्जैन, महेश्वर किंवा ओंकारेश्वरहून येणार असतील तर बाटली आणायचं काम त्यांच्यावर सोपवू नका, तिथली विक्री १ एप्रिल २०२५ पासून बंद आहे. बडोद्याच्या नातेवाइकांना निघताना उरलेली बाटली बांधून देऊ नका, कारण गुजरातेत दारूबंदी आहे.

पाच बाटल्या निवडताना

पाचही लाल घेतल्या तर तिसरीनंतर तोंड तुरट होऊन जातं, म्हणून प्रकार वेगवेगळे ठेवा. गेल्या खेपेला आम्ही असा क्रम लावला होता: आधी नाशिकच्या सुला कंपनीची बुडबुड्यांची ब्रूट, मग त्यांचीच पांढरी सॉव्हिन्यॉ ब्लां, मग किंचित गोडसर पांढरी शेनां ब्लां, त्यानंतर अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची लाल सांज्योव्हेसे आणि शेवटी ग्रोव्हर झाम्पा कंपनीची लाल ला रिझर्व्ह. हलकीकडून जडकडे जायचं, पांढरीकडून लालकडे. गोडसर वाइननंतर लगेच लाल घेतली तर ती उगाच कडवट लागते, म्हणून तिथे दहा मिनिटं थांबा, साध्या पावाचा तुकडा खा आणि पाणी प्या.

या बाटल्यांमागच्या गोष्टी माहीत असल्या की गप्पांना रंग चढतो, पण त्या लेबलं उघड झाल्यानंतरच सांगायच्या. सुला हे नाव कंपनीचे संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून आलं. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा भावांच्या तीन जोड्यांनी ती कंपनी उभी केली. ला रिझर्व्ह बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या परिसरातली, काबर्ने सॉव्हिन्यॉ आणि शिराझ या द्राक्षांची, आणि ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली. आपल्याकडे द्राक्षाची दोनदा छाटणी होते, पावसाळ्यानंतरच्या छाटणीचं पीक थंडीत पिकतं आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइनसाठी खुडलं जातं. युरोपात हीच खुडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास असते. म्हणजे आपण इथे हुरडा खात असतो तेव्हा नाशिकला वाइनची द्राक्षं उतरत असतात.

विकत घेताना बाटली हातात धरून नीट बघा. एकदा एका दुकानातून घेतलेल्या लाल वाइनचं बूच काचेच्या वर दोन मिलिमीटर आलं होतं आणि मानेशी चिकट ओघळ सुकलेला होता. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. उघडली तर आटवलेल्या मनुकांसारखा शिजका वास आला, फळाचा ताजेपणा कुठेच नव्हता. ती बाटली उन्हात तापली होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हाच्या खिडकीत उभी असलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नका. पांढरी आणि गुलाबी वाइन शक्य तितक्या ताज्या वर्षाची निवडा.

शनिवार दुपार

या बैठकीला सगळ्यात जास्त नुकसान पोचवतो तो वास. सकाळची पूजा लवकर आटपून घ्या आणि दुपारनंतर उदबत्ती लावू नका. फोडणीचं काम चारच्या आत उरका. गजरा आणि अत्तर रविवारसाठी ठेवायला सांगा. ग्लास आदल्या दिवशी काढून नुसत्या गरम पाण्याने विसळा आणि उपडे न ठेवता सुती पंचाने कोरडे करा. आमच्या दुसऱ्या बैठकीला वहिनींनी शोकेसमधले लग्नातले ग्लास काढले होते. सुंदर, पातळ काचेचे. पहिली वाइन ओतली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ग्लासाला डांबरगोळ्यांचा वास होता, कारण त्याच कपाटात खाली रेशमी साड्या होत्या. रिकामा ग्लास नाकाशी धरून बघायची सवय तेव्हापासून लागली.

ग्लास तोंडाकडे निमुळता असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. महागडे नकोत, केटररकडे भाड्याने मिळतात ते चालतील. माणशी दोन ठेवा, एक पांढरीसाठी आणि एक लालसाठी.

आता थंडपणा. ब्रूट ६ ते ८ अंशांवर, पांढरी ८ ते १२ वर आणि लाल १६ ते १८ वर चांगली लागते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली. इंदुरातली खोली नव्हे. थंडीतही लाल बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात पाऊण तास. तापलेली लाल वाइन नाकात नुसता अल्कोहोलचा भपकारा मारते आणि मग तिचा दोष द्राक्षाच्या माथी बसतो.

बाटल्या झाकणं

जो चाखणार नाही अशा एका मोठ्या माणसाला हे काम द्या. त्याने बुचं आणि झाकणं काढून लपवावीत, बाटल्यांना गळ्यापर्यंत वर्तमानपत्र गुंडाळून रबर लावावं आणि वर स्केचपेनने आकडा घालावा. गळ्यावरचा वर्खही झाकला पाहिजे, जाणकार डोळा तेवढ्यावरून कंपनी ओळखतो.

झाकून चाखण्याने काय घडू शकतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २४ मे १९७६ चं आहे. पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता चव घेतली, तर पांढऱ्या आणि लाल दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. आपल्या बैठकीत जगाचा इतिहास घडणार नाही. पण घरात परदेशी लेबलाचा दरारा असतो, महाग बाटली आणणाऱ्याचा मान असतो, आणि वर्तमानपत्राच्या एका पानाने तो बाजूला सरतो.

चाखताना

ग्लास दांडीला धरा, तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरू नका. पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग बघा. न हलवता एकदा वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या. घोट तोंडात घोळवा, थोडी हवा आत ओढा, गिळा किंवा थुंका आणि चव किती वेळ टिकते ते मनात मोजा. एवढं झालं की लिहा. बोलू नका.

हा न बोलण्याचा नियम मी हट्टाने पाळायला लावते. पहिल्या वर्षी मोठ्या काकांनी घोट घेताच "ही कडू आहे रे" म्हटलं आणि आठ कागदांपैकी सहांवर कडू हा शब्द आला. काका वयाने मोठे, त्यांचा आवाजही मोठा. पुढच्या वर्षी सगळे गप्प राहिले, तर त्याच प्रकारच्या वाइनला कोणी जांभूळ लिहिलं, कोणी ओली माती, आणि काकांनी स्वतः लिहिलं, "काळ्या चहासारखी तुरट, पण बरी." तेच बरोबर होतं. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारं टॅनिन हिरड्यांना कोरडं करतं, अगदी जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखं. कडूपणा जिभेवर कळतो, तुरटपणा हिरड्यांवर. हा फरक एकदा कळला की लाल वाइन ओळखीची होते.

शब्द आपल्या स्वयंपाकघरातले वापरा. सॉव्हिन्यॉ ब्लांमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण दोन्हींत एकाच जातीची सुवासिक द्रव्यं असतात. शिराझमधला काळ्या मिरीचा भास खरोखर मिरीतल्याच द्रव्याचा असतो, आणि ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनमधली लवंगही तशीच. आमच्या वहिनींनी एका पांढऱ्या वाइनसमोर "मांडूची खुरासानी चिंच" (म्हणजे गोरखचिंचेचं आंबट फळ) लिहिलं, आणि ती चिंच चोखलेल्या प्रत्येकाला त्या आंबटपणाचा पोत लगेच कळला. विलायती बेरींची नावं पाठ करण्यापेक्षा हे शंभर पटीने उपयोगी आहे. एखाद्या वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र शब्द शोधत बसू नका. बूच खराब आहे, बाटली बाद करा.

पाचही झाल्या की प्रत्येकाने फक्त दोन आकडे द्यायचे, पहिली पसंती आणि दुसरी. पहिलीला दोन गुण, दुसरीला एक. बेरीज फळ्यावर मांडा आणि मगच बाटल्यांवरचे कागद सोडा. शनिवारी सोबत खायला पाव, साधे शेंगदाणे, फिकं चीज एवढंच ठेवा. लवंगी शेव आणि जिरावण मसाला कपाटात राहू द्या. तिखटाने जीभ पेटते आणि तिच्यावर लाल वाइन दुप्पट जहाल लागते.

रात्री उरलेल्या बाटल्यांना बूच लावून सगळ्या फ्रिजमध्ये ठेवा, लालसुद्धा. ब्रूटला तिचं खास घट्ट झाकण हवं, नाही तर सकाळपर्यंत बुडबुडे जातात. पांढरी तीन-चार दिवस आणि लाल दोन-तीन दिवस चांगली राहते.

रविवारचं जेवण

आता लवंगी शेव काढा. इंदुरातल्या सराफ्याच्या खाऊबाजारात मिळतात तसे खमंग तळलेले गराडू (एक प्रकारचा कंद) लिंबू आणि मसाला लावून करा, भुट्ट्याचा कीस करा, कोथिंबीर वडी तळा, मांसाहार चालत असेल तर सुकं मटण करा. बाटल्या उघड्याच मांडा, लेबल दिसू द्या. गुण नाहीत, कागद नाहीत, ज्याला जे हवं ते त्याने थोडं थोडं घ्यावं. लाल मात्र अर्धा तास आधी बाहेर काढा.

गेल्या खेपेला शनिवारी ला रिझर्व्ह मोठ्या फरकाने पहिली आली होती. नुसती चाखताना जी भारदस्त असते ती आपोआप पुढे जाते. गोडसर शेनां चौथी होती, कोणी तिच्याबद्दल फार बोललंही नव्हतं. रविवारी गराडूची दुसरी परात आली आणि शेनांची बाटली सगळ्यात आधी रिकामी झाली. तिखटाला थोडी गोडी आणि तळणीला आंबटपणा लागतो, ते दोन्ही तिच्याजवळ होतं. सांज्योव्हेसे मटणाबरोबर संपली. ला रिझर्व्ह अर्धी उरली, आणि ती संध्याकाळी गच्चीवर शाल पांघरून सावकाश संपवली.

म्हणून वहीत दोन रकाने ठेवा, शनिवारी पहिली कोणती आली आणि रविवारी आधी कोणती संपली. पुढे बाटलीचं नाव आणि लेबलावरचं वर्ष लिहा, कारण वर्ष बदललं की चवही थोडी बदलते. पुढच्या वर्षी दुकानात जाताना मी दुसरा रकाना आधी वाचते.